दसऱ्यानंतर पिंप उघडताना

पुण्याच्या सहकारनगरमधली एक गच्ची. दसरा होऊन आठवडा झालाय, ऑक्टोबर हीट सुरू आहे. काकू खताचं पिंप उघडतायत, आम्ही कॅमेऱ्यात टिपतोय.

वरची पानं बाजूला सारली, की आत हे बघा. काळपट, भुसभुशीत. नाकाशी धरलं तर पहिल्या पावसाचा वास. भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, आता काहीच ओळखू येत नाही. चाळणीत अडकल्या त्या मे महिन्यातल्या आंब्याच्या कोयी. त्या परत पिंपात जातील, मूठभर खतासोबत, विरजण म्हणून.

याची तयारी मार्चमधली. तेव्हा पुण्यातली झाडं पानं गाळतात आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत त्यांचे ढीग पेटतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, तरीही पेटतात. काकूंनी तीच पानं पोत्यांत भरून ठेवली. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर सुक्या पानांचे दोन. ओल्यात नत्र, पानांत कर्ब. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतं. पानं कमी पडली, की पिंपाला वास मारतो.

जुलैत तसंच झालं. आम्ही तेव्हा कॅमेरा घेऊन आलो नव्हतो. झाकणातून पाणी झिरपलं, पांढऱ्या अळ्या झाल्या. बरेच जण इथेच पिंप बंद करतात. खरं तर अळ्याही कचराच खात असतात. काकूंनी पानं वाढवली, काठीने रोज खालवर केलं.

आता ही मूठ. दाबल्यावर लाडू वळला, बोट लावताच फुटला. पाणी गळलं नाही. म्हणजे ओल बरोबर आहे.

चार महिन्यांच्या पावसाने कुंड्यांमधली माती दगडासारखी बसलीय, तिच्यातला कसही धुऊन गेलाय. ती उपसून दोन दिवस उन्हात पसरली. दोन घमेली माती, एक घमेलं खत, ओंजळभर निंबोळी पेंड. एका कुंडीत रात्रभर भिजवलेली मेथी, दुसरीत पालक, खोल कुंडीत मुळा. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरतो. या भाज्यांना तीच हवा मानवते.

हा कचरा फुरसुंगी-उरळी देवाचीच्या वाटेला गेला नाही. त्या गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसलाय.

काकू झारीने पाणी घालतायत. मातीवर पानांचं पातळ आच्छादन, ओल टिकावी म्हणून. पिंपाशेजारी दोन पोती उरलीत. पुढच्या पानगळीपर्यंत ती पुरवायची आहेत.