पहिले रिव्हॉल्व्हर: काउंटरवरची किंमत आणि नंतरची

(दृश्य: लाकडी काउंटरवर निळसर-काळ्या पोलादाचे रिव्हॉल्व्हर, मधोमध दुमडून उघडलेले. गोळ्या बसवायच्या फिरत्या चक्रीची सहाही घरे रिकामी.)

परवाना हाती आल्यावर माणूस पहिल्यांदा शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात शिरतो, तेव्हा त्याच्यासमोर मांडले जाणारे नमुने बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. मान्यताप्राप्त नेमबाजांना खेळापुरती सवलत मिळते, पण घराच्या किंवा धंद्याच्या संरक्षणासाठी हत्यार घेणाऱ्याला ती लागू होत नाही. त्यामुळे नव्या, परवडणाऱ्या हत्याराचा शोध आपल्याकडे फिरून फिरून कानपूर आणि कोलकात्याजवळचे ईशापूर या दोन नावांपाशी येतो. संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील हे कारखाने पूर्वी आयुध निर्माणी मंडळाखाली होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले आणि बंदुका बनवणारे कारखाने कानपूर येथे मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेले. अलीकडे उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात, संडीला येथे, वेब्ले अँड स्कॉट या मूळच्या इंग्रजी नावानेही रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागली आहेत. तरीही निवडीचे रिंगण लहानच आहे.

रिंगण लहान असण्यामागे कायद्याचेही एक जुने कारण आहे. सैन्य आणि पोलीस ज्या मापाची काडतुसे वापरतात, त्या मापाची हत्यारे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. ९ मिलिमीटर, पॉइंट ३८ आणि पॉइंट ४५५ ही मापे (म्हणजे नळीच्या छिद्राचा नाममात्र व्यास, 'पॉइंट' असेल तेथे इंचांत) या निषिद्ध यादीत येतात. सरकारी कोठारांतून चोरीला गेलेले काडतूस खासगी बंदुकीत बसता कामा नये, हा इंग्रजांच्या काळातला विचार त्यामागे होता. राज्य बदलले तरी तो विचार कायम राहिला. म्हणून मुठीत मावणाऱ्या बंदुकीचा विचार करणाऱ्या भारतीय नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२ ही दोनच मापे येतात.

(दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा व्हरांडा, फायलींचे गठ्ठे.)

दुकानाची पायरी चढण्याआधी अर्जदाराला जो रस्ता चालावा लागतो तो थोडक्यात सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत परवाना मिळतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हादंडाधिकारी निर्णय घेतात, आणि त्यापूर्वी पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते घरात कोठे व कसे ठेवणार हेही सांगावे लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

या टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा, असे मला वाटते. खरोखर रिव्हॉल्व्हरच हवे आहे का? गावापासून दूर शेतवस्तीवर राहणाऱ्या आणि घराच्या किंवा पिकाच्या राखणीसाठी हत्यार मागणाऱ्या माणसासाठी कायद्याने लांब, गुळगुळीत नळीच्या बंदुकीची वेगळी आणि तुलनेने सोपी वाट ठेवली आहे. तिची नळी किमान २० इंचांची असावी लागते. अशी बंदूक खांद्याला टेकवून धरता येत असल्यामुळे नवशिक्याचा नेम तिच्यावर लवकर बसतो, उलट मुठीत धरायची आखूड नळीची बंदूक ही नेम धरण्यासाठी सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक आहे. सोन्याचांदीचा माल किंवा रोकड घेऊन नियमितपणे प्रवास करावा लागणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट निराळी आहे, आणि पुढचे सारे निवेदन त्याच्यासारख्या ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. ज्याला केवळ नेमबाजीची हौस आहे त्याने तर या वाटेला जाऊच नये. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी शक्तीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि नेमबाजी संघटनेच्या रेंजवर त्याचा सराव करता येतो. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबत ज्या खेळात उतरते, तो खेळ आणि संरक्षणासाठी हत्यार बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

(दृश्य: दोन हत्यारे शेजारी शेजारी, डावीकडे रिव्हॉल्व्हर, उजवीकडे पिस्तूल. मॅगझीन बाहेर काढून ठेवलेले.)

आता काउंटरकडे वळू. पॉइंट ३२ मापात दोन जाती आहेत. कानपूरचे रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचे आणि सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे असून त्याची नळी जेमतेम तीन इंचांची आहे. त्याची घडण बर्मिंगहॅमच्या वेब्लेच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवरून घेतलेली आहे. वरची कडी दाबली की नळी खाली झुकते, हत्यार मधोमध दुमडते आणि चक्रीतली रिकामी टरफले एकदम बाहेर पडतात. दुसरी जात पिस्तुलाची. 'अशनी' या नावाने ओळखले जाणारे हे पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा चपटे आहे, कपड्यांखाली कमी जाणवते आणि त्याच्या मुठीतल्या मॅगझीनमध्ये गोळ्या बसतात.

दिसायला पिस्तूल आधुनिक वाटते आणि तरुण ग्राहकाची नजर आधी त्याच्याकडेच जाते. तरीही पहिल्या खरेदीसाठी रिव्हॉल्व्हर बरे, या मताचा मी आहे, आणि त्याची कारणे रुक्ष असली तरी महत्त्वाची आहेत. रिव्हॉल्व्हर उघडले की ते भरलेले आहे की रिकामे हे एका नजरेत कळते. पिस्तुलाचे तसे नसते. मॅगझीन बाहेर काढल्यावर ते रिकामे झाले असे नवख्या माणसाला वाटते, पण एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी, आतल्या घरात बसलेली असू शकते. 'रिकामे' समजून हाताळलेल्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीमागे पुष्कळदा हीच एक विसरलेली गोळी असते. शिवाय एखादे काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढताच चक्री फिरून पुढचे काडतूस समोर येते, तर पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचून ते काडतूस बाहेर काढावे लागते, आणि ही हालचाल सरावाने अंगवळणी पडल्याखेरीज घाईत जमत नाही.

येथे एक घोटाळा होतो, त्याचाही उल्लेख करायला हवा. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल, दोन्हींच्या मापाला पॉइंट ३२ म्हणतात आणि कागदोपत्री दोन्ही ७.६५ मिलिमीटरची असतात, परंतु त्यांची काडतुसे एक नाहीत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस २३ मिलिमीटर लांब टरफलाचे आणि बुडाशी कडा असलेले असते, पिस्तुलाचे टरफल १७ मिलिमीटरचे असते. एकाचे काडतूस दुसऱ्यासाठी नाही. खरेदीच्या वेळी काडतुसाच्या डब्यावरचे पूर्ण नाव परवान्यावरील नोंदीशी आणि हातातल्या हत्याराशी ताडून पाहावे.

(दृश्य: काडतुसाच्या पितळी बुडाचे जवळून चित्रण. कोरलेली अक्षरे.)

या बुडावर कोरलेली 'केएफ' ही दोन अक्षरे पुणेकरांच्या ओळखीच्या गावाची आहेत. इंग्रजांनी खडकीचे 'किरकी' केले आणि १८६९ साली तेथे दारूगोळ्याचा कारखाना उभारला. त्या किरकी फॅक्टरीची ही आद्याक्षरे आहेत. नावाचे इंग्रजी वळण गेले, कारखानाही आता पुण्यातच मुख्यालय असलेल्या सरकारी दारूगोळा कंपनीचा भाग आहे, पण छाप टिकून राहिली. महाराष्ट्रातला ग्राहक कानपूरचे हत्यार विकत घेतो तेव्हा त्याच्या पोटात बरेचदा खडकीचे काडतूस जाते. आयात बंद असल्यामुळे काडतुसांच्या बाबतीतही फारसे पर्याय नाहीत, आणि एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घ्यायची याची मर्यादा परवान्यावर ठरवून दिलेली असते.

आता किमतीचा मुद्दा. २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आले. २०१२च्या दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी हलके हत्यार म्हणून त्याचा गाजावाजा झाला. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे, आणि किंमत १,२२,३६० रुपये. ज्या स्त्रियांच्या नावाने ते जाहीर झाले त्यांच्यापैकी किती जणींना एवढी रक्कम आणि तो परवाना, दोन्ही शक्य होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता आणि तो योग्यच होता. पण किंमत बाजूला ठेवली तरी हलकेपणाचा एक दोष उरतो. काडतूस तेच असेल तर हत्यार जितके हलके तितका त्याचा झटका हाताला अधिक जाणवतो. ७०० ग्रॅमच्या पोलादात तो बराचसा जिरतो, ५०० ग्रॅममध्ये तळहात आणि मनगट तो सोसतात. झटक्याची धास्ती बसलेला नवशिका पुढच्या वेळी गोळी सुटण्याआधीच हात आवळतो आणि नेम चुकतो. दिवसभर कमरेला बाळगण्यासाठी हलके हत्यार सोयीचे, शिकण्यासाठी जड हत्यार सोयीचे. पहिल्यांदा घेणाऱ्याला शिकायचे असते, म्हणून साधे, जड आणि स्वस्त असे पोलादी रिव्हॉल्व्हर त्याच्यासाठी कमअस्सल ठरत नाही.

पॉइंट २२ मापाचे 'निडर' हे रिव्हॉल्व्हर याहून स्वस्त आणि याहून हलके, केवळ पाव किलोच्या आसपास वजनाचे. ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत सुमारे ३५ हजार रुपये सांगितली गेली. झटका नगण्य, पण काडतूसही तितकेच दुबळे. संरक्षणाचा हेतू असेल तर ही बचत मला पटत नाही. दुसऱ्या टोकाला २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेले 'प्रबल' आहे. त्याची चक्री बाजूला उघडते, आणि ५० मीटरचा पल्ला हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. चक्री बाजूला उघडणे ही खरोखरच सोयीची सुधारणा आहे. ५० मीटरच्या आकड्याने मात्र भारावून जाऊ नये, कारण आपल्या दिवाणखान्याची लांबी पाच-सहा मीटर असते, आणि ५० मीटर अंतरावरच्या माणसापासून स्वतःचा बचाव करत होतो हे न्यायालयाला पटवणे कठीण आहे.

छापील किमतीवर कर चढतो, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावरील वस्तू व सेवा कर पूर्वी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. म्हणजे एक लाख मूळ किमतीचे हत्यार पूर्वी एक लाख अठ्ठावीस हजारांना पडत असे, ते आता एक लाख चाळीस हजारांना पडते. त्यामुळे अनेकांची पावले जुन्या बाजाराकडे वळतात. तेथे आयातबंदीपूर्वीची परदेशी हत्यारे नव्या देशी हत्याराच्या कितीतरी पट भावाने विकली जातात, आणि त्यांतला बराच भाव नावाचा असतो. वापरलेले देशी रिव्हॉल्व्हर मात्र खरोखर स्वस्त मिळू शकते. ते घेताना घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारी मागची कळ, ताणलेला असताना चक्री किती हलते, दुमडणारी कडी घट्ट बसते की सैल झाली आहे, नळीच्या आत गंजाचे खड्डे आहेत का, आणि चौकटीवरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यातील क्रमांकाशी अक्षरशः जुळतो का, हे पाहावे. क्रमांकात एका अंकाची तफावत असली तरी व्यवहार तेथेच थांबवावा. खासगी विक्रीची लेखी सूचना जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला देऊन ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. 'आज पैसे द्या, कागद नंतर करू' असे म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

(दृश्य: भिंतीत पक्की बसवलेली छोटी पोलादी पेटी. तिच्यापासून दूर, दुसऱ्या कुलपात काडतुसांचा डबा.)

हिशोब येथे संपत नाही. भिंतीत किंवा जमिनीत पक्की करता येईल अशी तिजोरी, काडतुसांसाठी वेगळे कुलूप, चाप पूर्ण झाकणारे चामडी म्यान, नळी साफ करण्याची सळई आणि तेल, आणि दर वर्षी सरावासाठी जाणारी काडतुसे, हे सारे पहिल्याच दिवशी खर्चात धरावे. अंदाजपत्रक बेताचे असेल तर हत्यार एक पायरी खालचे घ्यावे, तिजोरी नाही. ज्या घरात लहान मुले आहेत त्या घरात उशीखाली किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवलेले रिव्हॉल्व्हर चोरापेक्षा घरच्यांनाच अधिक धोकादायक असते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडण्याची हौसही आता महागात पडते. २०१९च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सरावाची अडचण मात्र खरी आहे. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या रेंज मोजक्याच शहरांत आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या परवानाधारकाला त्यासाठी प्रवास करावा लागतो. अनेक जण वर्षानुवर्षे एकही गोळी न झाडता परवान्याचे नूतनीकरण करत राहतात. म्हणून दुकानातच, विक्रेत्याच्या परवानगीने आणि हत्यार रिकामे असल्याची दोघांनी खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून चाप ओढून पाहावा. घोडा न ताणता चाप ओढायला या रिव्हॉल्व्हरमध्ये बोटाला चांगलाच जोर लागतो. ज्याला तो एका हाताने न थरथरता ओढता येत नाही त्याने दुसरा नमुना हातात घेऊन पाहावा. मूठ तळहातात भरते का आणि बोटाचे पहिले पेर चापावर सहज पोहोचते का, हे जाहिरातीतून कळत नाही.

खरेदीनंतर हत्यार परवाना देणाऱ्या कार्यालयात दाखवले जाते आणि त्याचा क्रमांक परवान्यावर चढतो. पुढे निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यातून निरोप येऊ शकतो आणि ज्यांना सांगितले जाईल त्यांना आपले हत्यार ठाण्यात जमा करावे लागते. त्याची पावती जपून ठेवावी लागते, आणि निकालानंतर हत्यार परत घेताना ते तेथेच उघडून चक्री रिकामी आहे ना, आणि इतके आठवडे कोठारात पडून नळीला गंज तर चढला नाही ना, हे पाहूनच सही करावी लागते.