बावीस रुपये

(दृश्य: लेथवर फिरणारा जॉब, अगदी जवळून.)

हा रंग बघा. हा लेथ, लोखंड फिरवत कापायचं यंत्र. त्यावर फिरतोय तो जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा. टूलच्या टोकावरून पोलादाची फीत सुटतेय, ती निळी आहे. कट नीट बसला, वेग बरोबर लागला की पोलाद तापून असं निळं पडतं. आवाजात जरासा फरक पडला तरी चाकावरचा हात आपोआप हलतो, मान वर होत नाही.

हात काकांचे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले, दहावीनंतर आयटीआयला टर्नरच्या ट्रेडला गेले आणि गेली एकतीस वर्षं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, लेथवर उभे आहेत. उभे म्हणजे खरोखरच उभे. लेथला खुर्ची नसते.

(दृश्य: मायक्रोमीटर, काकांची बोटं.)

याला इथं सगळे माइक म्हणतात. त्यावरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. काका माप घेतात आणि थांबतात. का थांबले? जॉब गरम आहे. गरम लोखंड फुगलेलं असतं. आत्ता मापात आणलं तर गार झाल्यावर कमी भरेल आणि शाफ्ट सरळ भंगारात. म्हणून दोन रेघा जास्त ठेवायच्या, गार होऊ द्यायचा आणि मग शेवटचा हात मारायचा. इतकं पुस्तकातही सापडेल. पण गार झाला की नाही, हे काका तळहाताच्या मागच्या बाजूनं बघतात. आई तापलेल्या पोराचं कपाळ बघते, तसं.

(दृश्य: शर्टाच्या खिशातून निघालेली, चार घड्या पडलेली पगाराची पावती.)

एकोणीस हजार आठशे. एकतीस वर्षांनंतर. पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि व्यवसाय कर कापून हातात येतात ते अर्थात याहून कमी.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मार्च २०२३ मध्ये गुजरात सरकारनं किमान वेतन वाढवलं. महानगरपालिकेच्या हद्दीत कुशल कामगाराला दिवसाला ४७४ रुपये, अकुशल कामगाराला ४५२. वर महागाई भत्ता. तो दर सहा महिन्यांनी बदलतो. वजाबाकी करा: बावीस रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५७२. दोन वर्षं आयटीआय, त्यावर अप्रेंटिसशिप, आणि गरम जॉब ओळखणारा हात, या सगळ्याचं सरकारी मोल एवढं. वाढीच्या आधी हाच फरक सतरा रुपये होता, तेव्हा प्रगती झाली म्हणायची!

बाजारात यापेक्षा जास्त मिळतं, हे खरं. पण मालक बोलायला बसतो तो याच आकड्यापासून.

(दृश्य: कलाभवनची इमारत, सकाळचं ऊन. काका फाटकातून आत येतात.)

याच गावात एके काळी हिशेब वेगळा होता. १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन सुरू केलं. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर, रसायनाचे प्राध्यापक. गज्जरांचा आग्रह असा की हुन्नर शिकायला इंग्रजीचा डोंगर चढावा लागू नये. आपल्या भाषेत शिकवा. कापड रंगवणं, यंत्रकाम, चित्रकला, सगळं एका छपराखाली. दादासाहेब फाळके इथंच शिकले. त्यांचा सिनेमा यायला अजून बरीच वर्षं होती. पुढे १९०७ मध्ये अलेम्बिकची सुरुवात झाली, तिच्या मागेही गज्जर होते. म्हणजे आधी हात तयार केले, मग त्या हातांना कारखाने मिळाले. आमच्या मते बडोद्याचं मोठेपण राजवाड्याइतकंच या इमारतीत आहे. पण पर्यटक इकडे फिरकत नाहीत.

१९४९ साली विद्यापीठ झालं. कलाभवन त्याची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा बनलं. आता इथून पदवी मिळते. आत यायला बहुतेकांना बारावी सायन्स लागतं.

काका बडोद्यात जन्मले. या फाटकाच्या आत ते आमच्या कॅमेऱ्याबरोबर पहिल्यांदा आले.

(दृश्य: काकांचा भाचा. वेल्डिंगचा मुखवटा, पंचेचाळीस अंशांत बांधलेला पाइप.)

हा भाचा. दहावीत गणितात अडकला, पुन्हा बसला नाही. आर्गन वेल्डर आहे. समोर जो तिरका पाइप दिसतोय, ती सिक्स-जीची परीक्षा. पाइप हलवायचा नाही, फिरवायचा नाही. वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं. वरून, बाजूनं, खालून उताणं होऊन. मग जॉइंटचा एक्स-रे निघतो. आत हवेचा बुडबुडा सापडला, वितळलेलं लोखंड नीट मिळालं नाही, तर नापास. इथं कॉपी चालत नाही.

पास झाल्यापासून हजार-बाराशे रुपये रोज घेतो, असं तो सांगतो. रिफायनरीचं शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद, असेल तर आणखी. काम नसेल त्या दिवशी शून्य.

दोघांना आम्ही एका बाकावर बसवलं. भाचा म्हणाला, "मामा, तुमचा शाफ्ट शेठच्या नावानं जातो. माझ्या जॉइंटवर माझा नंबर असतो."

काका हसले. "नंबर असतो, पण हाजरी नसते ना तुझी."

(दृश्य: आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कानस चालवणारी मुलं.)

ही पुढची बॅच. यांच्यातली बरीच अप्रेंटिस म्हणून लागतील. २०१९ च्या नियमांप्रमाणे अप्रेंटिसला कमीत कमी विद्यावेतन असं ठरलं: पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,०००, दहावीला ६,०००, आयटीआयवाल्याला ७,०००, पदवीधराला ९,०००. पहिल्या दिवशी मशीन कसं सुरू करायचं हे पदवीधरालाही शिकवावंच लागतं, पण दोन हजार त्याला जास्त.

कानशीवरचा हात बघा. अजून डगमगतोय. वर्षभरात सपाट चालेल.

(दृश्य: सावली गावाच्या रस्त्यावर शिफ्टची बस, खिडक्यांत डोकी.)

मोठ्या कारखान्यांनी आत चित्रण करू दिलं नाही. ठेकेदारीवर बारा-बारा तास, दुप्पट दराचा ओव्हरटाइम एकपटच मिळणं, काकांचा गुडघा, भाच्याचे रात्री टोचणारे डोळे, हे सगळं आहेच.

(दृश्य: काकांचं घर, संध्याकाळ. काकू पोळ्या लाटताहेत.)

काकूंना विचारलं, पगार वाढायला हवा ना? काकू म्हणाल्या, "एकवीस हजारांच्या वर नको बाई. ईएसआयचं कार्ड जाईल. यांचा गुडघा करायचाय अजून."

ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० आहे.

(दृश्य: पुन्हा कारखाना. लेथ बंद. काका फडक्यानं तेल पुसताहेत.)

भोंगा झाला. लेथची बेड पुसायची, उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवायचा. हे कुणी बघत नाही, तरी रोज होतं.

माइक कंपनीचा नाही, काकांचा स्वतःचा आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी घेतला, त्या महिन्याचा निम्मा पगार त्यात गेला. पेटीत ठेवण्याआधी काका तो मिटवतात आणि डोळ्याजवळ धरून शून्य जुळतंय का बघतात.

जुळतंय.