एका फोनपासून चोवीस वॉर्डांपर्यंत

नमस्कार, श्रोतेहो. करोनाच्या काळात मुंबई महापालिकेनं काय केलं, असं विचारलं की पटकन आठवतात ती जंबो केंद्रं, म्हणजे मैदानांत, सभागृहांत उभारलेली मोठी तात्पुरती रुग्णालयं. वरळीचा डोम, बीकेसीचं मैदान, गोरेगावचं नेस्को. मला मात्र आज वॉर्डांबद्दल बोलायचंय. आपलं पाणी, कचरा, गटारं जिथून पाहिली जातात, त्या विभाग कार्यालयांबद्दल.

शहरात पहिले दोन रुग्ण सापडले 11 मार्च 2020 रोजी. दोनच दिवसांत राज्यानं 1897 चा साथरोग कायदा लागू केला. मुळात हा कायदा झाला तोच मुंबईतल्या प्लेगमुळे. पण कायद्यानं अधिकार मिळतात. रात्री दोन वाजता वडिलांना धाप लागली तर खाट मिळत नाही. सुरुवातीला घोडं अडलं ते तिथंच. तपासणीचा अहवाल थेट रुग्णाच्या हाती पडायचा. घरचे घाबरून मिळेल त्या नंबरवर फोन करायचे, एकेका रुग्णालयाच्या दारातून परत फिरायचे. ज्याची ओळख असेल त्याला लक्षणं नसतानाही खाट मिळायची, आणि ज्याला खरंच प्राणवायू हवा असायचा, तो फोन लागायची वाट बघत बसायचा.

जून 2020 मध्ये ही पद्धत बदलली. चोवीसही वॉर्डांत वॉर रूम, म्हणजे नियंत्रण कक्ष, उभ्या राहिल्या. अहवाल आधी पालिकेकडे, तिथून पत्त्याप्रमाणे वॉर्डाकडे, मग वॉर्डातून रुग्णाला फोन. दम लागतोय का? मधुमेह आहे का? घरात वेगळी खोली, वेगळं शौचालय आहे का? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथं 'घरीच वेगळे राहा' हे सांगून काय उपयोग? त्याच वर्षी जुलैत तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीत सुमारे 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला होता, इमारतींत सुमारे 16 टक्के. शहर एकच, पण साथ दोन वेगळ्या घरांत दोन वेगळ्या वेगानं पसरली.

धारावीत पहिला रुग्ण सापडला होता 1 एप्रिल 2020 ला. जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, बहुतेकांचं शौचालय सार्वजनिक. तिथं रुग्ण येण्याची वाट न बघता पालिका दारोदार गेली. वस्तीतले खासगी डॉक्टर सोबत आले, शाळा आणि क्रीडा संकुल विलगीकरणासाठी घेतलं गेलं. पण कोणत्या गल्लीत, कोणत्या पोटमाळ्यावर कोण राहतं, हे ठाऊक होतं आरोग्यसेविकांना. माझ्या मते या सगळ्या कामाचा कणा त्याच होत्या, आणि राबत होत्या त्या तुटपुंज्या मानधनावर.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, एका रात्रीत सहा रुग्णालयांतले 168 रुग्ण हलवावे लागले, कारण तिथला प्राणवायू संपत आला होता. कुठे किती साठा उरलाय आणि कुठे खाट रिकामी आहे, हे त्या क्षणी कुणाला तरी नेमकं माहीत होतं, म्हणून हे जमलं. जंबो केंद्रांच्या कंत्राटांची पुढे चौकशी सुरू झाली, ती व्हायलाच हवी. पण त्या नादात वॉर्डांनी उभं केलेलं काम झाकलं जाऊ नये.

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं करोनाची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस मात्र दर पावसाळ्यात येतातच, आणि क्षयरोग तर बाराही महिने आहे. गल्लीवार याद्या, रुग्णाला स्वतःहून जाणारा फोन, खाटांचा रोजचा हिशेब, हे सगळं याही आजारांना लागू पडतं. म्हणून श्रोतेहो, आपल्या वॉर्ड कार्यालयात जाऊन विचारा: या याद्या आज कुणाकडे आहेत, शेवटच्या कधी तपासल्या, आणि आरोग्य खात्यातली किती पदं रिकामी आहेत? आरोग्यसेविकांना पालिका कायम कधी करणार, हेही लेखी विचारा.