नावाचा रकाना रिकामा राहिला तर
रशियातील सेंट पीटर्सबर्गजवळ, फिनलंडच्या आखातात, कोटलिन नावाचे एक लांबट बेट आहे. जेटब्रेन्स या कंपनीच्या सेंट पीटर्सबर्गमधील अभियंत्यांनी २०११ मध्ये एका नव्या प्रोग्रॅमिंग भाषेची घोषणा केली आणि तिला याच बेटाचे नाव दिले, कारण जावा या आधीच्या प्रोग्रॅमिंग भाषेचे नावही एका बेटाचेच होते. अँड्रॉइडचे ॲप तेव्हा बहुधा जावामध्येच लिहिले जाई. जावाची आठवी आवृत्ती २०१४ मध्ये आली, तरी तिच्यातील सोयी अँड्रॉइडवर वापरता येण्यासाठी प्रोग्रॅमर मंडळींना बराच काळ ताटकळावे लागले.

त्याहून जुने दुखणे मात्र वेगळे होते. एखादा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. त्यात नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने आहेत, आणि कोणीतरी मधला रकाना मोकळा ठेवून बटण दाबते. प्रोग्रॅमने ही मोकळी जागा ‘काहीच नाही’ अशी नोंदवली, तर जावामध्ये तिला ‘नल’ म्हणतात. प्रोग्रॅमने त्या नलकडे नावाची लांबी विचारली की ॲप तिथल्या तिथे बंद पडते. नलची ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी मांडली होती, आणि २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

कोटलिनने यावर काढलेला उपाय एका प्रश्नचिन्हाचा आहे. मधले नाव नसू शकते, हे प्रोग्रॅमरने त्या माहितीच्या प्रकाराच्या (मजकूर, संख्या वगैरे) नावापुढे प्रश्नचिन्ह लावून आधीच सांगायचे. आणि एकदा ते सांगितले की, नाव नसेल तर काय करायचे हे लिहिल्याशिवाय कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड तपासून यंत्राच्या भाषेकडे नेणारे साधन, प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. चूक वापरणाऱ्याच्या हातातील फोनपर्यंत न जाता लिहिणाऱ्याच्या टेबलावरच अडते. अर्थात, ‘येथे नल नाहीच, मी सांगतो’ असे ठणकावणारी दोन उद्गारचिन्हेही या भाषेत आहेत, आणि ती ज्या प्रकल्पात जागोजागी दिसतात तेथे कोटलिन निवडल्याचा निम्मा लाभ वाया गेला, असे मी निःसंकोच म्हणेन.

तरीही केवळ या गुणावर कोणी आपले चालते ॲप मोडून नव्याने लिहायला बसले नसते. जावाच्या जुन्या फाइली तशाच ठेवून शेजारी कोटलिनची नवी फाइल लिहिता येते आणि दोन्ही एकमेकींना सहज हाक मारतात, म्हणून एकेक स्क्रीन करत स्थलांतर शक्य झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोटलिनची पहिली स्थिर आवृत्ती आली, मे २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ मध्ये पहिली पसंती.

आयफोनच्या बाजूला ॲपलने २०१४ मध्ये स्विफ्ट ही भाषा आणली, आणि तिच्यातही असेच प्रश्नचिन्ह आहे. फ्लटर या साधनाच्या आधारे एकाच कोडमधून दोन्ही फोनसाठी ॲप करू देणाऱ्या डार्ट या भाषेत हे संरक्षण पक्केपणाने २०२१ मध्ये आले.

आता याच फॉर्मच्या पहिल्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ असे लिहा. अनेक ॲपमध्ये फोटो नसेल तेव्हा रंगीत वर्तुळात नावाचे आद्याक्षर दाखवतात. कोटलिनकडे या नावाचे पहिले चिन्ह मागितले तर ती ‘ज’ देते, कारण ‘ज्ञा’ हे तिच्या लेखी ज, हलन्त, ञ आणि काना असे चार तुकडे असतात. ‘मराठी’ या शब्दाची लांबी कोटलिन आणि डार्ट पाच सांगतात. स्विफ्ट मात्र काना-वेलांटीसह अक्षर धरते आणि तीन सांगते. म्हणजे नलच्या बाबतीत इतकी दक्ष असलेली कोटलिन येथे सारा भार प्रोग्रॅमरच्या आठवणीवर टाकते. अक्षरांच्या सीमा ओळखणारी सोय अँड्रॉइडमध्ये आहे, पण ती मुद्दाम बोलावून घ्यावी लागते, आणि ज्याने चाचणीसाठी फक्त रोमन लिपीतील नावे वापरली त्याला तिची गरजच जाणवत नाही.

म्हणून ॲपसाठी भाषा ठरवण्यापूर्वी एक दिवस खर्चून हाच तीन रकान्यांचा फॉर्म प्रत्येक पर्यायात करून पाहावा. पहिल्या रकान्यात ज्ञानेश्वर लिहावे, मधला मोकळा सोडावा, बटण दाबावे आणि वर्तुळात कोणते अक्षर उमटते ते पाहावे.