टेबलाची उंची

(पडद्यावर: पहाट. डोंगर उतारावरची घरं, त्यांच्यामधून ठिकठिकाणी वर जाणारी वाफ. खाली समुद्र.)

जपानच्या दक्षिणेला क्यूशू बेट आहे आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यावर बेप्पू. जमिनीतून उकळतं पाणी वर येतं, म्हणून हे शहर प्रसिद्ध आहे. लोक इथे गरम पाण्यात अंग शेकायला येतात, सांधे दुखतात म्हणून येतात, नुसते आराम करायलाही येतात.

याच बेप्पूच्या कामेगावा भागात कामावर निघालेली माणसं बघा. त्यांतली कितीतरी व्हीलचेअरवर आहेत. मागून ढकलणारं कुणी नाही. मांडीवर पिशवी, हात चाकांवर.

इथे एक संस्था आहे. ताईयो नो इए. म्हणजे सूर्याचं घर. हे नाव एका नामवंत जपानी कादंबरीकाराने सुचवलं. त्यांची मुलगी जन्मतःच मणक्याचा दोष घेऊन आली होती. नाव सुचवणाऱ्याला घराचा अर्थही ठाऊक होता आणि सूर्य न दिसणाऱ्या खोल्यांचाही.

(पडद्यावर: काळी-पांढरी छायाचित्रं. रुग्णालयाचा लांबलचक वॉर्ड.)

गोष्ट सुरू होते एका अस्थिरोगतज्ज्ञापासून. डॉक्टर युताका नाकामुरा. जन्म 1927, बेप्पूचाच. सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभागाचे प्रमुख. त्यांच्या वॉर्डात मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण असत. खाणीत अंगावर दरड कोसळलेला, झाडावरून पडलेला, रस्त्यावर अपघात झालेला. शस्त्रक्रिया व्हायची, जखम भरायची, आणि पुढे काय? पुढे खाट. वर्षानुवर्षं तीच खाट.

1960 साली नाकामुरा परदेशी गेले आणि इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात पोचले. तिथे डॉक्टर लुडविग गुटमान होते. नाझींच्या जर्मनीतून 1939 मध्ये निसटलेले ज्यू मज्जासंस्थातज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात पाठीत गोळी लागलेले सैनिक त्यांच्याकडे येत. त्या काळात अशा रुग्णाचं आयुष्य महिन्यांत मोजलं जाई. गुटमाननी दोन गोष्टी केल्या. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णांना दर थोड्या तासांनी कुशीवर वळवायला लावलं, रात्रीसुद्धा. आणि त्यांना चेंडू, धनुष्य, भाला हाती दिला. 29 जुलै 1948 रोजी रुग्णालयाच्या हिरवळीवर 16 माजी सैनिकांची तिरंदाजी झाली, त्यांत स्त्रियाही होत्या. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे.

नाकामुरांना मात्र धनुष्यबाणापेक्षा एक आकडा खटकला. इथले 85 टक्के रुग्ण सहा महिन्यांत घरी जातात, कामाला लागतात. त्यांना वाटलं, शस्त्रक्रियेची काहीतरी खास युक्ती असणार. ती त्यांनी शोधली. सापडली नाही. शस्त्रक्रिया साधारण तशाच होत्या. फरक शस्त्रक्रियेनंतरचा होता. डॉक्टर, परिचारिका, व्यायाम घेणारे, आणि नोकरी शोधून देणारा अधिकारी, सगळे एकाच रुग्णाभोवती बसून बोलत होते. नोकरी शोधून देणारा माणूस रुग्णालयात! आजही हे वाचून थबकायला होतं.

(पडद्यावर: 1961, ओइता. मैदान, व्हीलचेअर, मोजकेच प्रेक्षक.)

परत आल्यावर नाकामुरांनी 1961 मध्ये ओइता प्रांतात, बेप्पू ज्यात येतं त्याच प्रांतात, अपंगांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या. टीका भरपूर झाली. रुग्णांना बाहेर काढून तमाशा मांडलाय, तुम्ही डॉक्टर आहात की सर्कसवाले, असा तिचा सूर होता. सहकारी डॉक्टरांचाही त्यात आवाज होता. त्यांना हे क्रौर्य वाटत होतं, आणि त्यांचं वाटणं खोटं नव्हतं. दयाळू माणसाला दुसऱ्याचे कष्ट बघवत नाहीत. अडचण नेमकी तीच होती.

पुढच्या वर्षी दोन खेळाडूंना स्टोक मँडेव्हिलच्या स्पर्धेला पाठवायचं ठरलं. पैसे नव्हते. नाकामुरांनी स्वतःची गाडी विकली.

मग आलं 1964. ऑलिम्पिकनंतर लगेच, 8 ते 12 नोव्हेंबरला टोकियोत पॅरालिम्पिक झालं. 21 देशांचे खेळाडू आले. जपानी संघात 53 जण होते आणि पथकाचे प्रमुख नाकामुरा. यजमान देश आपल्या माणसांकडे बघत होता, पाहुण्यांकडेही बघत होता, आणि तुलना टळणार नव्हती. परदेशी खेळाडू संध्याकाळी शहरात फिरायला निघत, खरेदी करत, हसत-खिदळत परत येत. कुणी कारकून होता, कुणी वकील, कुणी घड्याळं दुरुस्त करणारा. जपानी खेळाडूंतले बहुतेक थेट रुग्णालयातून किंवा आश्रमातून आले होते. स्पर्धा संपल्यावर तिथेच परतणार होते. कमावते असे हातावर मोजण्याइतके.

पदकांच्या यादीत हे दिसत नाही. नाकामुरांना दिसलं. खेळ माणसाला खाटेवरून उठवतो, पण सोमवारी सकाळी उठून जायला जागा लागते.

(पडद्यावर: लाकडी शेड. बांबूच्या पट्ट्या, शिलाई यंत्रं.)

ऑक्टोबर 1965 मध्ये कामेगावात सूर्याचं घर उघडलं. काम काय? बांबूच्या वस्तू, लाकूडकाम, शिवण. बेप्पूत बांबूकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, त्यामुळे ते सुचणं साहजिक होतं. पण त्या कामात पोट भरत नव्हतं. अपंगांनी बनवलेल्या वस्तू म्हणून लोक कौतुकाने एकदा विकत घेतात. दुसऱ्यांदा घेताना वस्तू बघतात.

संस्थेचं ब्रीदवाक्य त्याच वेळी ठरलं होतं. जपानीत ते असं आहे: संरक्षणापेक्षा संधी. इंग्रजीत लिहिताना शब्द थोडा बदलला: नो चॅरिटी, बट अ चान्स. म्हणजे भीक नको, संधी. मला जपानी शब्द जास्त नेमका वाटतो. भीक कुणालाच नको असते, ते म्हणायला सोपं आहे. संरक्षण नको म्हणणं अवघड, कारण संरक्षण देणारी माणसं प्रेमाची असतात. आई असते, डॉक्टर असतो, सरकार असतं.

पण संधी द्यायची तर ती देणारा कारखानदार हवा. नाकामुरा कंपन्यांचे उंबरे झिजवू लागले. नकार आले, सभ्य शब्दांत, चहा पाजून. जपानमध्ये 1960 पासून अपंगांच्या रोजगाराचा कायदा होता, पण खासगी कंपन्यांना त्यात नुसतं ‘प्रयत्न करा’ एवढंच सांगितलं होतं. प्रयत्न सगळेच करत होते.

शेवटी क्योतोचे एक उद्योजक तयार झाले. काझुमा तातेइशी. विजेचे रिले आणि स्विच बनवणारी त्यांची कंपनी पुढे ओमरॉन या नावाने जगभर ओळखली गेली. कंपनी आणि संस्था यांनी मिळून भांडवल घातलं आणि 1972 मध्ये ओमरॉन ताईयोचा कारखाना सुरू झाला. देणगीची पावती फाडून मोकळं होणं तातेइशींना सहज जमलं असतं. त्याऐवजी त्यांनी ऑर्डर दिली. ऑर्डरीबरोबर तारीख येते, मोजमाप येतं, आणि माल नापास झाला तर तो परतही येतो.

(पडद्यावर: कारखाना. कॅमेरा जमिनीपासून साधारण चार फुटांवर, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर फिरतो.)

आता इथे जरा रेंगाळू.

कुठल्याही कारखान्यात टेबलाची उंची ठरलेली असते. ती कुणी ठरवली, असं कुणी विचारत नाही. उभ्या माणसाच्या कमरेची उंची, दोन हात, दहा बोटं, दोन डोळे गृहीत धरून यंत्र बनतं. त्यात न बसणारा माणूस ‘अकार्यक्षम’ ठरतो. सूर्याच्या घरातल्या कारखान्यांनी हिशोब उलटा मांडला. आधी माणूस बघायचा. त्याचा कुठला हात चालतो, किती लांब पोचतो, पकड किती, किती वेळ बसवतं, हे मोजायचं. मग कामाचे तुकडे पाडायचे आणि टेबल, पेडल, कप्पा, स्विच त्या माणसाला जुळवून घ्यायचे.

कारखान्यात काम केलेल्यांना जिग हा शब्द ठाऊक असेल. सुटा भाग हलू नये, नेमक्या जागी बसावा म्हणून धरून ठेवणारा साचा. एका हाताने काम करणाऱ्यासाठी जिग म्हणजे दुसरा हात. प्लास्टिकची पिशवी उघडायची साधी गोष्ट घ्या. दोन्ही हातांची बोटं लागतात. तिथे हवेच्या झोताने पिशवीचं तोंड उघडून धरणारं साधन बसवलं की एक हात पुरतो. मोजण्यात गोंधळ होणाऱ्यासाठी जितके नग, तितकीच खोबणी असलेला ट्रे. सगळी खोबणी भरली, मोजणी झाली. आकडा यायची गरजच नाही.

यातली गंमत अशी की अशा ट्रेने दोन धडधाकट हातवाल्याच्याही चुका कमी होतात. त्याला आधी कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या. 1978 मध्ये सोनी. सोनीचे संस्थापक मासारू इबुका यांची एक मुलगी बौद्धिक अपंगत्व असलेली होती, हा विषय त्यांच्या घरातला होता. तरी त्यांची भूमिका कडक होती. अपंग म्हणून सवलत मिळणार नाही, माल इतरांपेक्षा सरस हवा. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण कुणी कमी अपेक्षा ठेवल्या की काय वाटतं, ते ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना विचारा. सोनी ताईयो आज मायक्रोफोन बनवते. त्यात सी-800जी नावाचा स्टुडिओतला महागडा मायक्रोफोन आहे, तो कारागीर हाताने जुळवतात. मोठमोठे गायक त्याच्यासमोर उभे राहतात.

होंडा मोटार कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा ही संस्था बघायला आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हे काम होंडानेही करायला हवं असं ते म्हणाले. रडून परत जाणारे पाहुणे संस्थेने पुष्कळ पाहिले असतील. होंडांनी 1981 मध्ये संस्थेबरोबर अशीच कंपनी काढली. 1983 मध्ये मित्सुबिशी कॉर्पोरेशन आली, ती संगणकाचं काम घेऊन. ज्यांना जिगही पुरत नव्हतं, त्यांना आता कळफलक पुरणार होता.

(पडद्यावर: ओइता शहर. रस्त्यावर वाकून चाकं मारणारे शर्यतपटू.)

त्याच 1981 सालची आणखी एक हकीकत. जवळच्या एका मोठ्या मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरवाल्यांना घ्या, अशी विनंती केली गेली. नकार आला, मॅरेथॉन पायांनी पळायची असते म्हणून. नियम तसाच होता. मग ओइतात फक्त व्हीलचेअरची आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू झाली. आधी अर्धी, 1983 पासून पूर्ण अंतराची. ती आजही होते.

1984 मध्ये नाकामुरा गेले. वय अवघं 57.

इथे थांबलो तर माहितीपट गोड होईल. पण पुढचं सांगायला हवं.

1976 मध्ये जपानने कायदा कडक केला. ठरावीक प्रमाणात अपंग कर्मचारी ठेवणं कंपन्यांना सक्तीचं झालं. सुरुवातीला दीड टक्का. एप्रिल 2024 पासून अडीच टक्के, जुलै 2026 पासून 2.7 टक्के. शंभरहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत माणसं कमी पडली तर दर माणशी, दर महिन्याला 50 हजार येन भरायचे. त्याबरोबर एक सोय आली. बेप्पूसारखी वेगळी उपकंपनी काढली, तर तिथले कर्मचारी मूळ कंपनीच्या हिशोबात धरता येतात.

सोय म्हणून आली आणि काही ठिकाणी पळवाट झाली. अपंगांसाठी वेगळी इमारत, वेगळा कारखाना, आणि मुख्यालयात टेबलांची उंची जिथल्या तिथे. अलीकडे तर काही कंपन्या शेताचे तुकडे भाड्याने घेतात, तिथे भाजी पिकवायला अपंग कर्मचारी ठेवतात आणि टक्केवारी भरते. ती भाजी कंपनीच्या धंद्यात कुठे बसते, ते विचारू नये. आणि 2018 मध्ये उघड झालं की खुद्द केंद्रीय मंत्रालयं आणि सरकारी खाती आपले आकडे फुगवून दाखवत होती, साडेतीन हजार माणसांच्या आसपास. कंपन्यांना दंड, आणि दंड करणाऱ्याचीच वही खोटी.

दुसरीकडे नोकरीच्या कराराविना चालणारी कामाची केंद्रं आहेत. तिथे किमान वेतन लागू होत नाही. 2022 च्या सुमाराला तिथली सरासरी प्राप्ती महिन्याला 17 हजार येन होती. याला रोजगार म्हणावं का? दिवस जातो, सोबत मिळते, घराबाहेर पडणं होतं, हे खरं. पण एवढ्यात भाडं निघत नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जपानला सांगितलं, या केंद्रांतून लोकांना खुल्या बाजारातल्या नोकऱ्यांकडे न्या.

सूर्याचं घर या वादाच्या बाहेर नाही. त्याच्या आवारात नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या आहेत आणि कराराविना चालणारं कामही आहे. एकाच छताखाली दोन्ही. ज्याच्याकडून आठ तास काम होत नाही त्याला दाराबाहेर ठेवायचं का, याचं सोपं उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

(पडद्यावर: पुन्हा कामेगावा. रुंद दार, चाकांसाठी उतार, दुकानाचं आतलं दृश्य.)

नाकामुरांच्या हयातीतच इथे एक सुपरमार्केट उघडलं होतं. फक्त संस्थेतल्या लोकांसाठी नाही, साऱ्या वस्तीसाठी. दोन मांडण्यांमधली वाट व्हीलचेअर वळेल इतकी रुंद. हिशोब करणारा कर्मचारी व्हीलचेअरवर. समोर रांगेत शेजारपाजारची माणसं. कुणी घाईत, कुणी सुट्टे पैसे शोधणारं, कुणी गप्पा मारत उभं. गल्ला बसलेल्या माणसाच्या हाताशी. पैसे देताना थोडं वाकायचं ते उभ्या गिऱ्हाइकाने.

(आवाज: गल्ला उघडल्याचा, नाणी मोजल्याचा. दृश्य हळूहळू अंधारतं.)