एथ्ना फिट्झगेराल्ड: राज्यमंत्रिपद आणि दोन कायदे

[दृश्य: डब्लिन, लेन्स्टर हाउस, म्हणजे आयर्लंडची संसद. १९९२ च्या मतमोजणीची छायाचित्रं.]

२५ नोव्हेंबर १९९२ ला आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. पाच जागांच्या डब्लिन साउथ मतदारसंघात लेबर पक्षाच्या एथ्ना फिट्झगेराल्ड यांना पहिल्या पसंतीची १७,२५६ मतं पडली. पाच जागा असल्या की एकूण वैध मतांना सहाने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. तो आकडा, म्हणजे कोटा, गाठला की उमेदवार विजयी. एथ्ना कोट्याच्या दीडपटीच्याही पुढे गेल्या. अशी जादा मतं दुसऱ्या पसंतीनुसार इतरांकडे वळतात. पण लेबरने तिथे दुसरा उमेदवारच दिला नव्हता, त्यामुळे ती इतर पक्षांच्या पदरात पडली. एवढी लाट येईल असं खुद्द पक्षालाही वाटलं नव्हतं. देशभरात लेबरच्या जागा १५ वरून ३३ झाल्या.

एथ्ना पेशाने अर्थतज्ज्ञ. कौटुंबिक उत्पन्नाला सरकारी आधार कसा द्यावा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सासरे गॅरेट फिट्झगेराल्ड हेही अर्थतज्ज्ञ आणि माजी पंतप्रधान, पण ते फिन गेल पक्षाचे. सून लेबरची!

[दृश्य: सरकारी इमारतीचा दरवाजा.]

जानेवारी १९९३ मध्ये फिना फॉल आणि लेबर यांचं आघाडी सरकार आलं आणि एथ्ना राज्यमंत्री झाल्या. आयर्लंडचा राज्यमंत्री मंत्रिमंडळाचा सदस्य नसतो. त्याच्या वाट्याला बहुधा येतो तो मसुदा, त्यातली कलमं आणि दुरुस्त्या. एथ्ना यांची खरी कामगिरी याच भागात आहे.

पहिला कायदा १९९५ चा, सार्वजनिक पदांवरच्या व्यक्तींच्या आचारसंहितेचा. खासदाराने दरवर्षी आपले हितसंबंध जाहीर करायचे: दहा हजार पौंडांवरचे शेअर, तेवढ्याच किमतीवरची जमीन, पाचशे पौंडांवरच्या भेटी. मंत्र्याला पदामुळे पाचशे पौंडांहून महाग भेट मिळाली, तर ती सरकारजमा. आकडे नेमके असल्यामुळे पळवाट अरुंद झाली. पण सगळी भिस्त स्वतःच्या घोषणेवर होती. जो लपवणारच, त्याला ही नोंदवही पकडू शकत नव्हती. त्या दशकातले मोठे व्यवहार उघडे पाडले ते चौकशी आयोगांनी.

[दृश्य: फायलींच्या रांगा. अर्जाचा नमुना.]

दुसरा कायदा माहितीच्या अधिकाराचा. त्यावर २१ एप्रिल १९९७ ला सही झाली. तोपर्यंत १९६३ च्या गोपनीयता कायद्यानुसार परवानगी नसेल तर सरकारी कागद गुप्तच समजला जाई. नव्या कायद्याने हे उलटं केलं. द्यायचं नसेल, तर कारण खात्याने सांगायचं.

कार्यपद्धती अशी. अर्ज लेखी, त्यात या कायद्याचा उल्लेख हवा आणि कोणता कागद हवा ते ओळखता आलं पाहिजे. दोन आठवड्यांत पोच, चार आठवड्यांत निर्णय. मुदतीत उत्तर आलंच नाही, तर तो नकार मानायचा. हे कलम छोटं वाटतं, पण फार कामाचं आहे, कारण गप्प बसून अर्ज कुजवत ठेवणं खात्याला जमत नाही आणि अर्जदार लगेच पुढची पायरी चढू शकतो. ती पायरी म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडून तीन आठवड्यांत फेरविचार. त्यानंतर स्वतंत्र माहिती आयुक्त, ज्यांचा निर्णय खात्यावर बंधनकारक. अर्जाला शुल्क नव्हतं. कागद शोधण्याचे पैसे तासावर आणि प्रतींचे पानामागे घेता येत.

मर्यादाही होत्या. पोलीस दल, म्हणजे गार्डा, बाहेरच राहिलं. स्वतःविषयीची माहिती सोडली, तर साधारणपणे कायदा लागू झाल्यानंतरचेच कागद मागता येत.

सरकारी कार्यालयांना तयारीसाठी एक वर्ष मिळालं आणि कायदा २१ एप्रिल १९९८ ला लागू झाला. तेव्हा एथ्ना संसदेत नव्हत्या. ६ जून १९९७ च्या निवडणुकीत लेबर ३३ वरून १७ वर घसरला आणि डब्लिन साउथची जागाही गेली. पारदर्शकतेला मतं मिळत नाहीत, हे तिथेही खरं ठरलं.

[दृश्य: युरोच्या नोटा.]

२००३ मध्ये अर्थमंत्री चार्ली मक्रीव्ही यांनी कायद्यात बदल केला. मंत्रिमंडळाचे कागद पाच वर्षांनी खुले होणार होते, ते दहावर गेले. स्वतःविषयीची माहिती वगळता प्रत्येक अर्जाला १५ युरो, फेरविचाराला ७५, आयुक्तांकडे अपिलाला १५० असे दर लागू झाले. नुसत्या अर्जाच्या १५ युरोंपेक्षा पुढच्या पायऱ्यांची किंमत जास्त बोचणारी होती, कारण पहिला नकार निमूट स्वीकारणं स्वस्त पडू लागलं. स्वतःविषयी नसलेल्या माहितीचे अर्ज सुमारे तीन चतुर्थांशाने घटले.

२०१४ च्या नव्या कायद्याने अर्जाचं शुल्क काढलं, मंत्रिमंडळाच्या कागदांची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली आणि गार्डाचं प्रशासकीय काम कक्षेत घेतलं. फेरविचाराला ३० आणि अपिलाला ५० युरो मात्र ठेवले.