बाराव्या खुर्चीवरून दिसणारा खेळ

(सांगलीत क्रीडाशिक्षक, क्लबचे प्रशिक्षक आणि खेळाडूंसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, सांगली-मिरजेत वस्ताद म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. तालमीत असा एखादा पैलवान असतोच, ज्याने मोठं मैदान कधी मारलं नाही, पण नव्या पोराचा पट का निसटला हे त्याला लांबून दिसतं. 'उजवा पाय मागे राहिला' एवढंच तो सांगतो आणि पुढचा पट बसतो. व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही अशी एक जमात आहे. संघ बदलत राहणारा, सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचात क्वचितच दिसणारा, पण दहा-बारा वर्षं याच खेळावर पोट भरणारा फिरस्ता खेळाडू. उत्तम कोच या जमातीतून इतके का निघतात, याचं उत्तर त्याच्या रोजच्या कामात आहे. म्हणून आधी ते काम बघू.

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये एका संघाकडे 15 नियमित करार असतात आणि 3 'टू-वे' करार. टू-वेवाला अर्धा वेळ जी-लीग या दुय्यम लीगमध्ये खेळतो, अर्धा वेळ वर. दरवर्षी 5 जानेवारीपासून संघांना दहा दिवसांचा करार देता येतो. करार दहा दिवसांचा किंवा तीन सामन्यांचा, यातलं जे जास्त भरेल ते. एक संघ एका हंगामात त्याच खेळाडूला असे जास्तीत जास्त दोन करार देऊ शकतो. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ठेवायचं, नाहीतर सोडायचं. म्हणजे वीस दिवसांत निकाल. या बाजारात ईश स्मिथ 13 संघांकडून खेळला. तो विक्रम आहे, आणि 2023 मध्ये तेराव्या संघाकडून, डेन्व्हरकडून, त्याला विजेतेपदही मिळालं.

अमेरिकेत जागा नसेल तर युरोप, तुर्कस्तान, फिलिपिन्स, चीन. तिथे करारात बहुधा घर, कधी गाडी, विमानाची तिकिटं लिहिलेली असतात. पण खेळायच्या आधी आधीच्या देशाच्या महासंघाकडून 'लेटर ऑफ क्लिअरन्स' यावं लागतं. ते अडकलं की खेळाडू सराव करतो आणि सामन्याला साधे कपडे घालून बाकावर बसतो. पगार थकणं हे या धंद्याचं जुनं दुखणं आहे. म्हणून जाणता एजंट करारात दोन वाक्यं हटकून घालतो: हप्ता अमुक दिवस उशिरा आला तर खेळाडू मोकळा, आणि वाद झाला तर तो फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, जिनिव्हातल्या लवादापुढे जाईल. भारतातून बाहेर खेळायला निघालेल्या प्रत्येक मुलाच्या वडिलांनी ही दोन वाक्यं करारात शोधून मगच सहीला हो म्हणावं.

आता मुद्द्याचं. हा माणूस मंगळवारी नव्या शहरात उतरतो आणि बुधवारी सामना असतो. संघाच्या चाली पन्नासेक, प्रत्येकीचं नाव आणि खूण वेगळी. त्याच्याकडे एक सराव असतो, कधी तोही नाही. या घाईत तो काय शिकतो, ते एका उदाहरणाने जवळून पाहू.

चेंडू विंगला आहे, बाजूच्या रेषेजवळ. समोरचा उंच खेळाडू स्क्रीन लावायला, म्हणजे आपल्या गड्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायला येतोय, म्हणजे चेंडूवाल्याला मधल्या भागात घुसायला वाट मिळेल. हे अडवायची एक सर्वमान्य रीत आहे. चेंडूवाल्याला पकडलेला आपला गडी झटकन स्क्रीनच्या बाजूला जातो आणि छाती बाजूच्या रेषेकडे करून मधली वाट बंद करतो. आपला उंच गडी खाली, बेसलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेषेच्या, अंगाला थांबतो. चेंडूवाल्याला एकच रस्ता उरतो, रेषेलगत खाली, आणि तिथे उंच गडी उभाच आहे. हीच रीत एका संघात 'आइस' असते, दुसऱ्यात 'ब्लू', तिसऱ्यात 'डाऊन'. फिरस्त्या खेळाडूच्या डोक्यात तिन्ही शब्द असतात, पण त्याखाली चित्र एकच असतं.

आणि हे चित्र कुठे फाटतं हेही त्याला पाठ असतं, कारण वेगवेगळ्या संघांत त्याने ते फाटताना पाहिलेलं असतं. पहिली चूक आवाजाची. स्क्रीन लावणारा दोन पावलं लांब असतानाच उंच गड्याने ओरडायला हवं. स्क्रीन लागल्यावर ओरडला तर पुढच्याला वळायला वेळच मिळत नाही, तो स्क्रीनवर आदळतो आणि मधली वाट उघडते. दुसरी चूक उलटी. पुढचा गडी इतका वर सरकतो की चेंडूवाल्याला रेषेलगत मोकळी धाव मिळते आणि उंच गड्यावर तो पूर्ण वेगात येतो. एक हात अंतर पुरतं, दोन हात झालं की गेलं. तिसरी चूक कोचची असते. स्क्रीन लावणारा आत धावण्याऐवजी बाहेर सरकून शूट करणारा असेल, तर आपला उंच गडी खाली अडकलेला आणि स्क्रीन लावणारा मोकळा. तिथे तिसऱ्या गड्याने धावून जायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर दोष खेळाडूंना देण्यात अर्थ नाही.

स्टार खेळाडूला हे सगळं शब्दांत मांडावं लागत नाही. त्याचं शरीर ते करून मोकळं होतं. कमी उडी, कमी वेग असलेल्याला मात्र प्रत्येक अर्धं पाऊल मोजून ठेवावं लागतं, कारण तेवढ्यावर त्याची नोकरी असते. पुढे शिकवायला उभा राहिला की त्याच्याजवळ मापं तयार असतात.

खेळाडूचे कोच झालेले स्टीव्ह कर यांचंच बघा. 1988 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, 50 वा नंबर. 910 सामने खेळले, त्यात पहिल्या पाचात जेमतेम 30. तीन गुणांच्या फटक्यांत त्यांची कारकिर्दीतली अचूकता 45.4 टक्के, एनबीएच्या इतिहासात सर्वांत वरची. 2003 मध्ये डॅलसविरुद्ध कॉन्फरन्स फायनलच्या सहाव्या सामन्यात बाकावरून थंड अंगाने उठून आले आणि तीन गुणांचे चार फटके मारले, चारही आत. बसून राहणं आणि तरी तयार असणं हे त्यांनी पंधरा हंगाम केलं. मला त्यांच्या कोच म्हणून पहिल्याच वर्षातला निर्णय म्हणूनच फार मोलाचा वाटतो. 2014 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाकडे आल्यावर त्यांनी आंद्रे इग्वादाला या खेळाडूला बाकावरून यायला सांगितलं, आणि तोवर तो प्रत्येक सामना पहिल्या पाचात खेळलेला होता. बाकावरचं काम हलकं नाही, हे सांगायचा अधिकार कर यांच्याकडे होता. मग 2015 च्या सात सामन्यांच्या फायनलमध्ये संघ 1-2 असा मागे पडला, तेव्हा व्हिडिओचं काम पाहणाऱ्या निक युरेन या तरुण सहायकाने सुचवलं की उंच बोगट बाहेर काढून इग्वादालाला सुरुवातीला घ्या. कर यांनी ते ऐकलं. पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि इग्वादाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्वांत ज्युनिअर माणसाचं ऐकून घेणारा कोच बहुधा स्वतः कधीतरी रांगेत शेवटचा असतो.

टायरन लू हे दुसरं उदाहरण, आणि तुमच्यासाठी जास्त उपयोगाचं, कारण ते पायरीपायरीने चढले. खेळणं थांबल्यावर 2009 मध्ये बोस्टनमध्ये खेळाडू-विकासाचं काम, मग सहायक, मग क्लिपर्स, मग क्लीव्हलँडला प्रमुख सहायक, आणि जानेवारी 2016 मध्ये हंगामाच्या मध्यावर मुख्य कोच. त्याच हंगामात फायनलमध्ये 1-3 वरून विजेतेपद, आणि समोर करच होते. केव्हिन ओली 11 एनबीए संघांतून खेळले, 2010 मध्ये आपल्याच जुन्या कॉलेजात, कनेटिकटला, सहायक झाले, 2012 मध्ये मुख्य, आणि 2014 मध्ये केंटकीला 60-54 हरवून कॉलेजांच्या स्पर्धेत राष्ट्रीय विजेते.

खेळाडूपणातून कोचपणात येताना अडखळतात ते कुठे? सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे करून दाखवण्याची सवय. कोच स्वतः चेंडू घेतो, सुंदर लेअप मारतो, पोरं टाळ्या वाजवतात. शिकलं कुणीच नाही. करून दाखवणं दोनदा पुरे, त्यानंतर हात मागे. दुसरा खड्डा, सगळं एका दिवसात द्यायचा मोह. दहा संघांच्या चाली डोक्यात आहेत म्हणून जिल्हा स्पर्धेच्या संघाला पंधरा चाली शिकवल्या, तर दबावात एकही आठवत नाही. शाळेच्या संघाला चार चाली, बाजूच्या रेषेवरून आत टाकायची एक, बेसलाइनखालून एक, आणि समोरचा संघ पूर्ण मैदानभर दाबतो तेव्हा बाहेर पडायची एक. बास.

टाइमआउट, म्हणजे कोचने मागून घेतलेला खेळातला थांबा, हा या कामाचा आरसा आहे. फिबा नियमांत पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन, आणि त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. प्रत्येक 60 सेकंदांचा, आणि 50 व्या सेकंदाला भोंगा वाजतो. म्हणजे बोलायला पन्नासच. त्यातले पहिले दहा खेळाडू बसायला, पाणी प्यायला जातात. तेवढ्यात कोचने सहायकाशी चार पावलं बाजूला बोलून घ्यावं आणि मगच पोरांसमोर यावं. मग पंचवीस सेकंद, एकच मुद्दा, फळ्यावर एकच चाल. पुढचे दहा सेकंद: चेंडू आत कोण टाकणार आणि चेंडू गेल्यावर बचावात कुणी कुणाला पकडायचं. उरलेल्या वेळात कोचने गप्प बसायचं आणि एका खेळाडूला विचारायचं, 'तुझं काम काय?' आणि हा प्रश्न पहिल्या पाचातल्या पोराला नाही, आत्ता बाकावरून जाणाऱ्याला विचारायचा. त्याने चुकीचं सांगितलं तर फळा चुकला आहे. आपल्याकडे साठच्या साठ सेकंद ओरडण्यात जातात, भोंगा वाजतो, आणि पोरं 'कुणी कुणाला?' विचारत मैदानात शिरतात. पहिलं बास्केट तिथेच खातो.

आपल्याकडचा रस्ता वेगळा आहे, हे मान्य. सतनाम सिंगला 2015 मध्ये डॅलसने 52 व्या नंबरवर निवडलं, 2017 मध्ये विशेष भृगुवंशीशी ऑस्ट्रेलियाच्या अॅडलेड संघाने करार केला, पण बहुतेकांची कारकीर्द रेल्वे, बँक, पोलीस, ओएनजीसी, सेनादलांच्या नोकरीवर उभी राहते. नोकरी पक्की असल्याने तिशी ओलांडल्यावर अनेकजण खेळ थांबवून कार्यालयात बसतात आणि डोक्यातली मापं फाइलखाली जातात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. खेळत असतानाच, तिशीच्या आत, छोटा अभ्यासक्रम करून घ्या. तिशीनंतर गुडघा आणि घर दोन्ही सुट्टी मागतात.

आणि आपल्या मैदानांचं एक. इथे बरेच कोर्ट सिमेंटचे आणि उघड्यावरचे. अमेरिकेतल्या लाकडी फ्लोअरवरचा सराव तसाच इथे उतरवू नका. क्लोज-आउट, म्हणजे चेंडू मिळालेल्या शूटरवर धावून जाणं, हेच घ्या. दोन तृतीयांश अंतर पूर्ण धाव, शेवटचा टप्पा छोट्या छोट्या पावलांनी, एक हात वर, कंबर खाली. सिमेंटवर धूळ असेल तर पाय एक पाऊल पुढे घसरतो आणि शूटर बाजूने निघून जातो. म्हणून छोटी पावलं एक-दोन आधी सुरू करायची, आणि सरावाआधी झाडू मारायचा. उड्यांचे ड्रिल आठवड्यातून दोन दिवस, त्याहून जास्त केलं की नडग्या दुखायला लागतात आणि पोर ते लपवतं. चामडी चेंडू सामन्यापुरता ठेवा, सिमेंटवर त्याची पकड लवकर जाते. सरावाला रबरी.

शेवटी तुमच्या बाकावरच्या बाराव्या पोराकडे वळतो. येत्या सामन्यात त्याला वही द्या आणि तीनच रकाने आखून द्या: समोरच्या संघाने कोणती चाल किती वेळा केली, आपला कोणता गडी कोणत्या बाजूने मागे पडला, आणि आपल्या टाइमआउटनंतरच्या पहिल्या चालीचं काय झालं. दुसरा क्वार्टर संपला की मधल्या सुट्टीत आधी त्याला बोलू द्या, मग तुम्ही बोला.